चौघांनी उचलायचं वाद्य

"जिना चढताना उंच माणसं खाली लावायची, ठेंगणी वर. म्हणजे पेटी सपाट राहते." हे सांगताना डीकन खुर्चीतून उठायचे, तळवे वर करून दोन्ही हात पोटाशी धरायचे आणि आमच्या ओट्यावरच्या रिकाम्या जागेत जिना चढून दाखवायचे. वय ऐंशीच्या घरात, एक गुडघा बदललेला. नेवार्कमधल्या आमच्या गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. बाप्टिस्ट चर्चमधलं त्यांचं पद हेच त्यांचं नाव होऊन बसलं होतं. विशीत असताना हा माणूस शनिवारी दुपारी हॅमंड ऑर्गन उचलायच्या कामावर जायचा. या बारमधून त्या बारमध्ये, कधी एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये, आणि उन्हाळ्यात ट्रकच्या मागे बसून थेट अटलांटिक सिटीपर्यंत.

बी-थ्री नावाचं जे मॉडेल जॅझवाल्यांनी आपलं मानलं, त्याचं वजन पायातल्या पट्ट्या आणि बाक धरून चारशे पौंडांच्या वर भरतं, म्हणजे एकशे नव्वद किलोच्या आसपास. शिवाय सोबत लेस्ली, लाकडी कपाटाएवढा स्पीकर. ऑर्गन, गिटार आणि ड्रम्स, एवढ्या तिघांनी उभं केलेलं जे जॅझ 'ऑर्गन ट्रिओ' म्हणून ओळखलं जातं, त्याचा इतिहास मी पुढे पुस्तकांत वाचला, रेकॉर्डच्या वेष्टनांवर वाचला. पण आधी तो मला डीकनांच्या खांद्यांकडून कळला, आणि आजही मला तोच जवळचा वाटतो. पुस्तकं वादकांची नावं सांगतात. ते अवजड वाद्य दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत पोचलं कसं, ते सांगत नाहीत.

हे वाद्य बनवणाऱ्या लॉरेन्स हॅमंडला स्वतःला ऑर्गन वाजवता येत नव्हता. तो शिकागोचा, घड्याळं करणारा इंजिनियर. विजेच्या प्रवाहाच्या ठेक्याशी बांधलेली, म्हणून मागेपुढे न होणारी मोटर त्यानं घड्याळांसाठी वापरली होती. तीच त्यानं सुरांच्या कामाला जुंपली. बी-थ्रीच्या पोटात ९१ धातूच्या चकत्या ठरलेल्या गतीनं फिरत असतात. चकतीच्या कडेला उंचवटे, शेजारी लोहचुंबक, त्याच्याभोवती तारेचं वेटोळं. उंचवटे जास्त आणि फिरकी वेगाची, तर सूर उंच. वर पट्ट्यांच्या दोन रांगा, आणि त्यांच्या माथ्यावर नऊनऊ दांड्यांचे संच. दांडी जितकी बाहेर ओढाल तितका त्या सुराचा अंश मिसळत जातो. पेटंट १९३४ चं, वाद्य बाजारात आलं १९३५ साली. पाइप ऑर्गन ज्यांना परवडत नाही अशी चर्चं हे त्याचं ठरलेलं गिऱ्हाईक.

पाइप ऑर्गन बांधणाऱ्यांना हे सहन होणं शक्य नव्हतं. याला ऑर्गन म्हणू देऊ नका, अशी तक्रार अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे गेली. शिकागो विद्यापीठाच्या प्रार्थनागृहात परीक्षा ठेवली गेली: आळीपाळीनं दोन्ही वाद्यं वाजवायची, आणि ऐकणाऱ्यांनी न बघता सांगायचं, कोणतं कुठलं. त्यात भल्याभल्यांची ओळख चुकली. जाहिरातीत फार मोठे दावे करू नका, एवढी तंबी देऊन आयोगानं अखेर ऑर्गन हे नाव हॅमंडकडे राहू दिलं.

डीकनांच्या चर्चमध्ये अजून एक जुना बी-थ्री आहे. रविवारी प्रार्थनेआधी तो सुरू करायचा मान त्यांचा. दोन खटके असतात. पहिला काही सेकंद दाबून धरायचा, आत चकत्या गती घेत असल्याची घरघर ऐकू येते. तो न सोडता दुसरा लावायचा, आणखी थोडं थांबायचं, मग पहिला सोडायचा. घाई केली तर मोटर लय पकडत नाही. "याला जागं करावं लागतं," ते म्हणायचे, आणि त्या काही सेकंदांत मान खाली घालून उभे राहायचे.

लेस्लीची गोष्ट त्यांना फार प्रिय. डॉन लेस्ली हा कॅलिफोर्नियाचा. त्यानं दुकानात हॅमंड ऐकला, आवडला, घरी आणला, तर छोट्या खोलीत त्याचा आवाज अगदी सपाट वाटला. मोठ्या देवळात आवाज भिंतींवर आपटून चहूकडून येतो, तसा तो घरात यावा म्हणून त्यानं स्पीकरचा कर्णाच फिरता ठेवला. जवळ येताना सूर किंचित चढतो, लांब जाताना उतरतो. स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचं होतं तेच. त्यानं तो हॅमंड कंपनीला दाखवला, तर कंपनीनं नाकारला. मग १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तो त्यानं स्वतःच विकायला काढला, आणि आज लेस्लीशिवायचा बी-थ्री कुणी मनात आणत नाही. पट्टी दाबताना येणारा टिचकीसारखा आवाजही कंपनीच्या इंजिनियरांना दोष वाटायचा. वादकांना त्याच टिचकीत ताल सापडला. या वाद्याचा निम्मा आत्मा त्याच्या मालकाला नको असलेल्या गोष्टींनी भरलेला आहे, असं मला नेहमी वाटतं.

माझे आजोबा पुण्यात वाढले. गंधर्व नाटक मंडळीची नाटकं त्यांनी पिटात बसून पाहिलेली, आणि बालगंधर्वांच्या साथीचं वर्णन ते शेवटपर्यंत करायचे: ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर थिरकवाँ. तो ऑर्गन पायानं भाता मारून वाजवायचा, विजेचा त्याच्याशी संबंध नाही; हॅमंडचं आणि त्याचं गोत्र तसं लांबचं. पण चर्चमध्ये वाढलेलं वाद्य रंगमंचापुढे येऊन बसतं आणि पडदा वर जायच्या आधीच थिएटर भरून टाकतं, हे मला आजोबांमुळे आधीच ठाऊक होतं. त्याच सुमारास, १९४० साली, आकाशवाणीनं त्याच घराण्यातल्या हार्मोनियमवर बंदी घातली. ती उठायला १९७१ साल उजाडलं. मी हे सगळं एका संध्याकाळी डीकनांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडे तो उचलायचं कोण?" नाटक कंपनी गावोगाव फिरायची, सामान रेल्वेनं जायचं, एवढं आजोबांनी सांगितलं होतं. उचलणाऱ्यांबद्दल ते कधी काही बोलले नव्हते, आणि मीही विचारलं नव्हतं.

डीकनांचे आईवडील जॉर्जियाहून उत्तरेत आले. दक्षिणेतल्या जाचाला आणि कापसाच्या मजुरीला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं विसाव्या शतकात नेवार्क, फिलाडेल्फिया, शिकागो, डेट्रॉइट अशा शहरांत येऊन वसली. येताना त्यांनी आपली चर्चं आणली, आणि चर्चच्या शेजारी बार उघडले. पुढची हकिगत या दोन दारांमधल्या रस्त्यावर घडते.

जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदांचा जमाना दुसऱ्या महायुद्धानंतर ओसरला. पंधरा-सोळा वादकांना पगार देणं, त्यांची गाडी, त्यांचं खाणंपिणं कुणाला झेपेना. त्यात १९४४ साली सरकारनं करमणुकीच्या जागांवर कर बसवला, आधी तीस टक्के, लगेच त्याचे वीस केले, आणि तो वर्षानुवर्षं राहिला. जिथं गाणं आणि नाच असेल तिथं तो लागे. नुसतं वादन असेल तर नाही. मग मालकांनी नाचाची जागा बंद केली आणि नुसत्या वाजवणाऱ्या लहान ताफ्यांना बोलावणं सुरू केलं. अशा वेळी एकच माणूस येतो, ज्याचा उजवा हात ट्रम्पेटांचा जथा होतो, डावा हात बास वाजवतो, आणि बासवाल्याचा पगार वाचतो. मालकांनी एकदाच पैसे घालून ऑर्गन विकत घेतले आणि कोपऱ्यात ठेवून दिले. वादक बदलत, वाद्य तिथंच. "मालकाचा ऑर्गन बरा असेल तर आमचं काम कमी," डीकन म्हणायचे. "पण मोठे वादक आपलाच आणायचे. दुसऱ्याच्या दांड्यांवर त्यांचा विश्वास नसे."

ही वाट आधी चालून गेलेले होतेच. फॅट्स वॉलरनं हार्लेमच्या लिंकन थिएटरात मूकपटांसाठी पाइप ऑर्गन वाजवला होता, आणि न्यू जर्सीच्या रेड बँक गावातून आलेल्या काउंट बेसीनं त्याच्या पायाशी बसून तो शिकून घेतला होता. पण हॅमंडला नाचत्या वाद्यवृंदाचा आवाज दिला तो वाइल्ड बिल डेव्हिसनं. लुई जॉर्डनच्या ताफ्यात तो पियानो वाजवायचा, त्यांच्यासाठी रचना लिहायचा. ऑर्गनवर बसल्यावर त्यानं दहा बोटांत अख्खा ब्रास विभाग कोंबला. बेसीच्या वाद्यवृंदानं गाजवलेलं 'एप्रिल इन पॅरिस' १९५५ साली ज्या रूपात लोकांपुढे आलं, ते रूप डेव्हिसचं.

अटलांटिक सिटीत केंटकी अव्हेन्यू हा कृष्णवर्णीयांचा रस्ता. समुद्रावरची मोठी हॉटेलं त्यांच्यासाठी नव्हती. त्यांच्यासाठी क्लब हार्लेम, आणि समोर ग्रेसेस लिटल बेलमाँट. उन्हाळाभर लिटल बेलमाँटमध्ये डेव्हिस असायचा. डीकन सांगायचे, की रात्रभर एका क्लबात वाजवून दमलेले वादक पहाटे दुसऱ्या क्लबात ऐकायला जायचे, कारण क्लब हार्लेमचा शेवटचा खेळ उजाडताना सुरू व्हायचा. ऑर्गन पोचवल्यावर पोरांना परतीचे पैसे मिळत. ते पैसे न वापरता ही पोरं सकाळपर्यंत दाराशी उभी राहत. त्यांच्या तोंडून केंटकी अव्हेन्यू ऐकला की तळलेल्या मांसाचा वास, ओला खारा वारा आणि लेस्लीचा तो घुमारा एकदमच यायचा.

अटलांटिक सिटीतच जिमी स्मिथनं डेव्हिसला ऐकलं. फिलाडेल्फियाजवळच्या नॉरिसटाउनचा हा पियानोवादक. त्यानं हॅमंड घेतला, ठेवायला एका गोदामात जागा भाड्यानं घेतली, आणि सगळ्यांपासून लांब तिथं बसून शिकला. पायातल्या पट्ट्यांचं चित्र काढून समोरच्या भिंतीवर लावलं, म्हणजे खाली न बघता पाय कुठं आहे ते कळावं. बाहेर आला तो असं काही घेऊन, जे आधी कुणी ऐकलं नव्हतं. डेव्हिसचा ऑर्गन वाद्यवृंदासारखा भरगच्च. स्मिथनं उजव्या हाताला चार्ली पार्करच्या सॅक्सोफोनची धाव दिली. पहिल्या तीन दांड्या पूर्ण बाहेर, बाकीच्या आत, सुराच्या तोंडाशी एक टोकदार ठोका, आणि डाव्या बाजूला न थकता चालणारा बास. १९५६ च्या सुरुवातीला हार्लेमच्या स्मॉल्स पॅरडाइजमध्ये तो वाजवत असताना ब्लू नोट कंपनीचे आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ ऐकायला गेले. हे दोघे बर्लिनहून निसटून आलेले ज्यू. त्यांनी लगेच त्याला रेकॉर्डवर आणलं, आणि मग ते थांबलेच नाहीत. 'द सर्मन' ही त्याची रेकॉर्ड घ्या: एका संपूर्ण बाजूवर वीस मिनिटं एकच ब्लूज, आणि नाव प्रवचनाचं. चर्च आणि बार यांच्यातलं अंतर त्या एका नावात संपतं.

डीकनांच्या आईला मात्र ते अंतर फार मोठं वाटायचं. शनिवारी रात्री बारमध्ये वाजवलेले हात रविवारी देवासमोर कसे चालतील? आणि ते चालत होते, दर रविवारी, गावभर. कारण चांगले वादक थोडे होते, आणि चर्चनंच त्यांना शिकवलं होतं.

वाजवायचं तंत्र मला त्यांच्या चर्चच्या जुन्या ऑर्गनवादक बाईंनी दाखवलं. नव्वदीला टेकलेल्या, पण बाकावर बसल्या की पाठ ताठ. त्यांनी मला डावीकडे उभं केलं, कारण बघायचं ते डाव्या बाजूलाच. बास ऐकणाऱ्याला पायातून येतोय असं वाटतं. खरं तर जलद चालीत सूर चालवतो तो डावा हात. डावा पाय त्याच क्षणी पट्टीला नुसता स्पर्श करून सोडतो, म्हणजे प्रत्येक सुराला तार छेडल्यासारखा धक्का मिळतो. उजवा पाय आवाजाच्या पेडलवर, एखाद्या गायकाच्या श्वासासारखा सतत कमीजास्त. उजवा हात गातो, आणि मधेच निसटून दांड्या ओढून येतो किंवा लेस्लीचा वेग बदलतो. ड्रम्सवाल्याचे कान या डाव्या हाताला बांधलेले असतात. गिटारवाला मोकळ्या जागा शोधून तिथं आपले सूर ठेवतो. ऑर्गन सगळी जागा व्यापू शकतो, म्हणून गिटारवाल्याला गप्प राहता यावं लागतं. ग्रँट ग्रीन, केनी बरेल, वेस माँटगमरी, सगळ्यांनी हे ऑर्गनच्या शेजारी बसून कमावलं. जॉर्ज बेन्सनला तर जॅक मॅकडफनं विशीच्या आतच आपल्या ताफ्यात घेतलं होतं.

या बाईंनी बार कधी पाहिला नाही. पण त्यांच्यासारख्याच चर्चमधून आलेल्या काहीजणींनी पाहिला, आणि त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं याचा मला राग येतो. फिलाडेल्फियाची शर्ली स्कॉट, जिला लोक ऑर्गनची राणी म्हणत, तिनं १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात एडी 'लॉकजॉ' डेव्हिसबरोबर ज्या रेकॉर्ड केल्या त्या घराघरांत वाजल्या. पुढे ती विद्यापीठात शिकवायला लागली. त्याच शहरात ट्रूडी पिट्स. नेवार्कची सारा व्हॉन, जिचं गाणं जगानं ऐकलं, ती लहानपणी इथल्या माउंट झायन बाप्टिस्ट चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. आणि न्यू जर्सीचीच ऱ्होडा स्कॉट. वडील धर्मोपदेशक. त्यांच्या चर्चच्या ऑर्गनवर पहिल्यांदा बसताना मुलीनं बूट काढले, ते पुढे तिनं कधी घातलेच नाहीत. पॅरिसमध्ये दशकानुदशकं ती अनवाणीच वाजवत राहिली. बाईंना तिचं कौतुक वाटायचं. "पट्टी कुठं आहे ते तळपायाला कळतं," त्या म्हणाल्या आणि आपले बूट काढून बाकाखाली सरकवले.

नेवार्कच्या मध्यभागात तेव्हा ऑर्गनच्या खोल्या एकमेकींना लागून होत्या. की क्लब, स्पार्की जेज, आणि नावं विसरलेले कितीतरी. डीकन मला तिथून गाडीनं फिरवायचे आणि वाहनतळांकडे, बंद दुकानांकडे, मोकळ्या जागांकडे बोट करायचे. इथं दार होतं. इथून आत आणायचं. इथं एक खांब होता, तो चुकवायला ऑर्गन उभा करावा लागे. जुलै १९६७ मध्ये पोलिसांनी एका टॅक्सीचालकाला मारहाण केल्यावर शहर पेटलं, २६ माणसं गेली. त्यानंतर लोकांनी शहर सोडलं, रात्री बाहेर पडणं कमी झालं, आणि हळूहळू खोल्या मिटल्या. हॅमंड कंपनीनं १९७० च्या दशकाच्या मध्यावर बी-थ्री बनवणं थांबवलं. काखेत मारून नेता येतील असे कीबोर्ड आले होते, मग चारशे पौंड कोण वाहणार?

डीकनांचा सगळ्यात हळवा कोपरा म्हणजे लॅरी यंग. नेवार्कचाच पोर, १९४० चा जन्म, वडीलही ऑर्गनवाले. जिमी स्मिथनं जो रस्ता बांधला त्यावरून सगळे धावत असताना या मुलानं आवाज पातळ केला, सुरांमध्ये अंतर सोडलं, जॉन कोल्ट्रेनची मोकळीक ऑर्गनवर आणली. नोव्हेंबर १९६५ मध्ये हडसनच्या अलीकडच्या रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत त्याची 'युनिटी' ही रेकॉर्ड झाली. त्यातला ट्रम्पेटवाला वुडी शॉसुद्धा नेवार्कमध्ये वाढलेला. १९६९ साली टोनी विल्यम्सच्या ड्रम्सबरोबर आणि जॉन मॅकलॉफ्लिनच्या विजेच्या गिटारीबरोबर यंगचा ऑर्गन पुन्हा तिघांत आला, पण आता आवाज कान फाडणारा, रॉकच्या जवळचा. तोच मॅकलॉफ्लिन काही वर्षांनी मुंबईच्या माहीममध्ये वाढलेल्या झाकीर हुसेनबरोबर 'शक्ती' या ताफ्यात बसला. हे मी डीकनांना सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ हसत राहिले. आपल्या गल्लीतला पोर आणि माझ्या मुलखातला तबलजी एका माणसाच्या अंतरावर आहेत, ही गोष्ट त्यांनी चर्चमध्ये प्रत्येकाला सांगितली. यंग १९७८ साली गेला, अवघ्या सदतिसाव्या वर्षी.

हे सगळं संपलं असं वाटत असताना फिलाडेल्फियाजवळच्या एका मुलानं ते परत आणलं. जोई डीफ्रान्सेस्कोचे वडील जॉन हेही ऑर्गनवादकच. घरातच बी-थ्री, त्यामुळे पोरगा चालायला लागल्यापासून पट्ट्यांशी. सतराव्या वर्षी माइल्स डेव्हिसनं त्याला दौऱ्यावर नेलं. मोठेपणी जिमी स्मिथबरोबर दोन ऑर्गनांची रेकॉर्ड केली. स्मिथ गेला त्याच २००५ साली ती बाहेर आली. आणि फिलाडेल्फियाचाच गिटारवादक पॅट मार्टिनो, पोरवयात ऑर्गनच्या ताफ्यांतून तयार झालेला. १९८० साली मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याची स्मृती पुसली गेली. आपण वाजवायचो हे त्याला आईवडिलांकडून कळलं, आणि आपल्याच जुन्या रेकॉर्ड ऐकून तो गिटार पहिल्यापासून शिकला. शेवटच्या वर्षांत तो पुन्हा ऑर्गन ट्रिओतच वाजवत होता. मार्टिनो २०२१ साली गेला, डीफ्रान्सेस्को २०२२ साली, पन्नाशी नुकती ओलांडून. ज्याच्या मैफलीबद्दल मला लिहायचं आहे तो डॉक्टर लॉनी स्मिथही २०२१ मध्येच गेला.

तो जिमी स्मिथचा नातलग नाही, आणि वैद्यकीय किंवा विद्यापीठाचा डॉक्टरही नाही. डोक्यावर फेटा, पांढरी दाढी, पायघोळ अंगरखा. बफलोजवळच्या लॅकावॅनाचा. तरुणपणी आर्ट कुबेरा नावाच्या गृहस्थांच्या वाद्यांच्या दुकानात रोज जाऊन बसायचा, दुकान बंद होईपर्यंत. एक दिवस कुबेरांनी विचारलं, की बाबा, तू इथं का बसतोस? तो म्हणाला, माझ्याकडे एखादं वाद्य असतं तर मला पोट भरता आलं असतं. कुबेरा त्याला मागच्या घरात घेऊन गेले. तिथं एक नवाकोरा हॅमंड होता. इथून बाहेर काढू शकलास तर तुझा, असं ते म्हणाले. ही हकिगत लॉनी स्मिथ जन्मभर सांगत राहिला, आणि कुबेरांना तो देवदूत म्हणायचा. डीकनांना ती पाठ होती. त्यातलं त्यांना सगळ्यात महत्त्वाचं वाटायचं ते हे, की त्यानं तो ऑर्गन खरोखर बाहेर काढला.

जुलै २०१७. न्यू यॉर्कच्या पूर्व सत्ताविसाव्या रस्त्यावर, एका रेस्टॉरंटखालच्या तळघरात जॅझ स्टँडर्ड नावाचा क्लब होता. महामारीत तो बंद पडला. लॉनी स्मिथच्या पंचाहत्तरीचा आठवडा. मी, डीकन, आणि चर्चमधले त्यांचे एक मित्र, आयुष्यभर टपालखात्यात काम केलेले. सोबत गिटारवर जोनाथन क्राइसबर्ग, ड्रम्सवर जोनाथन ब्लेक. ब्लेकच्या झांजा इतक्या खाली आणि आडव्या लावलेल्या, की त्यांच्यावर वाकावं लागत नाही. त्याचे हात कमरेच्या पातळीवरून सरकत राहतात. त्या आठवड्यातल्या वादनाचं मुद्रण पुढच्या वर्षी 'ऑल इन माय माइंड' या नावानं ब्लू नोटनं काढलं, म्हणजे जे मी ऐकलं त्यातलं काही आजही कुणालाही ऐकता येईल.

मला अपेक्षा होती गर्जनेची. लॉनी स्मिथ हळूहळू आला, काठी टेकत, बाकावर बसला आणि इतक्या हलक्या आवाजात सुरू झाला की खोलीतले लोक ग्लास खाली ठेवायचं विसरले. वेन शॉर्टरची 'जूजू' ही रचना. डावा हात एका आडव्या आकृतीवर फिरत राहिला, कितीतरी आवर्तनं तीच, आणि तरीही दर वेळी थोडी पुढे. क्राइसबर्गचे सूर लांब, धुरासारखे. ब्लेक सुरुवातीला फक्त काड्यांची टोकं वापरत होता. उजव्या पायातला तो पेडल मी बघत होते: अर्धा इंच पुढे, पाव इंच मागे. मग एका ठिकाणी लेस्लीनं वेग घेतला. तो लगेच घेत नाही, कर्णाला गती यायला क्षण लागतो, आणि त्या क्षणात पोटात काहीतरी उचललं जातं. लॉनी स्मिथचे डोळे मिटलेले, तोंड उघडं, जणू सूर आधी तिथं तयार होतोय. मग तिघंही एकदम उसळले आणि टपालखात्यातले काका टेबलावर मूठ आपटून मोठ्यानं "येस, सर" म्हणाले, जसं ते रविवारी प्रवचनाला म्हणतात. आजूबाजूच्या तरुणांनी वळून पाहिलं. मग दुसऱ्या टेबलावरूनही तेच आलं, तिसऱ्यावरून आलं. मी आपल्याकडच्या बैठकींत वाढले, दाद कशी द्यावी हे मला ठाऊक आहे; त्या रात्री मी त्यांच्या पद्धतीनं दिली.

पंचाहत्तर वर्षांच्या त्या माणसाच्या डाव्या हातानं सगळी मैफल एकदाही लय सोडली नाही. मध्यंतरी काठी वाजवली, तिच्यातून विजेचा विचित्र तालवाद्याचा आवाज निघायचा. तरुणांना ते फार आवडलं, डीकनांना नाही. त्यांना १९६९ चा लॉनी स्मिथ आठवत होता, क्लब हार्लेममधला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिथंच त्याची 'मूव्ह युअर हँड' ही रेकॉर्ड लोकांसमोर मुद्रित झाली होती. "तेव्हा हाच फेटा होता?" मी विचारलं. त्यावर त्यांनी मला फेट्याचं काही न सांगता त्या रात्री बारच्या कुठल्या टोकाला कोण उभं होतं ते सांगितलं.

पेन स्टेशनवरून आम्ही नेवार्कची गाडी धरली. डबा अर्धा रिकामा. टपालखात्यातल्या काकांनी विषय काढला, की जिमी स्मिथ खरा बास पायानंच वाजवायचा, हाताचं नुसतं नाटक. डीकन संतापले. आपण त्याच्या डाव्या अंगाला उभं राहून बघितलंय, जलद चालीत पाय फक्त टिचकी मारायचा, असं त्यांचं म्हणणं. मग काकांनी संथ गाण्यांचा दाखला दिला, तिथं मात्र डीकनांना थोडं मागे यावं लागलं. हडसनखालचा बोगदा गेला, सीकॉकस गेलं. दोघांनी आपापला डावा पाय डब्याच्या जमिनीवर ठेवून मला दाखवायला सुरुवात केली, एकानं टाचेनं, एकानं चवड्यानं, आणि कोणाचं बरोबर ते मी सांगायचं होतं.